एका सरकारच्या दोन जबान्या: गुहागरचा एन्रॉन, 1995-96

सप्टेंबर 1995 मध्ये महाराष्ट्र सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ पॉवर कंपनीबरोबरचा वीज खरेदी करार फसवणुकीतून आणि खोट्या माहितीच्या आधारे झालेला आहे, तो सार्वजनिक हिताच्या विरोधात आहे, सबब तो रद्दबातल ठरवावा, असे सरकारचे म्हणणे होते. वर्ष-सव्वा वर्षातच तेच सरकार त्याच न्यायालयात पुन्हा उभे राहिले, या वेळी प्रतिवादी म्हणून. सीटू या डाव्यांच्या कामगार संघटनेने त्याच कंपनीबरोबरच्या नव्या कराराला आव्हान दिले होते. आता सरकारचे म्हणणे असे की सुधारित करार राज्याच्या फायद्याचा आहे आणि जुने आरोप उगाळण्यात अर्थ नाही. मुख्यमंत्री तेच, उपमुख्यमंत्री तेच, कंपनी तीच, जागाही तीच.

2 डिसेंबर 1996 रोजी न्यायालयाने सीटूची याचिका फेटाळली. पण फेटाळताना एक गोष्ट निकालात लिहून ठेवली. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे होत आली तरी राजकीय सोय सार्वजनिक हितावर कशी मात करते, आणि आपली कृती योग्य ठरवण्यासाठी सरकार लोकांसमोरच नव्हे तर न्यायालयासमोरही कोणत्या थराला जाऊ शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले, असा त्या शेऱ्याचा आशय होता.

राजकारणातल्या दुटप्पीपणावर बोलताना आपण बहुतेक वेळा भाषणांचे दाखले देतो. भाषण हवेत विरते. वक्ता म्हणतो, माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला. एन्रॉनचे प्रकरण अभ्यासायला बरे, कारण इथे दोन्ही बाजू कागदावर आहेत आणि दोन्हींखाली एकाच सरकारची सही आहे.

आधी जागेबद्दल. प्रकल्पाला नाव दाभोळचे मिळाले, पण दाभोळ आहे वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प अलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर. गोपाळगडाच्या तटावर उभे राहिले तर प्रकल्पाची धुराडी समोर दिसतात. याच वाशिष्ठीत कोयनेचे अवजल येते; म्हणजे राज्यातली सगळ्यात स्वस्त वीज करून झालेले पाणी ज्या खाडीतून समुद्राला मिळते, तिच्याच मुखाशी सगळ्यात महाग वीज करणारा कारखाना बसवला गेला. हा निव्वळ योगायोग, पण चिपळूण-गुहागरकडच्या माणसाला तो बोचतो.

सुरुवात काँग्रेसच्या काळातली. जून 1992 मध्ये, सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना, कंपनीचे लोक आले आणि काही दिवसांतच, 20 जूनला, वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. निविदा नाही. पुढच्या वर्षी जागतिक बँकेने प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे तिचे मत होते. तरीही 8 डिसेंबर 1993 रोजी, शरद पवार मुख्यमंत्री असताना, वीस वर्षांचा करार झाला. पहिला टप्पा 695 मेगावॅटचा, दुसरा धरून एकूण 2015. दर डॉलरशी बांधलेला, आणि वीज घ्या अगर न घ्या, ठरलेले पैसे द्यायचेच. मागे राज्याची हमी आणि त्याच्या मागे केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याने पैसे दिले नाहीत तर ते केंद्राने द्यायचे. कराराचा मसुदा मात्र गुप्त.

हा गुप्तपणा या साऱ्या प्रकरणाचे मूळ आहे असे मला वाटते, त्यामुळे इथे थोडे थांबतो. करार लोकांना वाचायला मिळाला असता तर 1995 च्या निवडणुकीत चर्चा कलमांवर झाली असती: दर डॉलरमध्ये का, टप्पा दोन बंधनकारक आहे की नाही, नुकसानभरपाई किती. करार दिसत नव्हता म्हणून चर्चा झाली ती लाचखोरीची आणि स्वाभिमानाची. त्यात कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले होते की भारतीयांना ‘शिक्षित’ करण्यावर कंपनीने सुमारे 2 कोटी डॉलर खर्च केले. मग काय, विरोधकांच्या हातात कोलीतच आले. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, ही गोपीनाथ मुंडे यांची घोषणा राज्यभर गाजली. कोकणात ती जास्तच लागली, कारण तो समुद्र आमच्या अंगणातला.

या घोषणेने काय साधले हे नीट पाहायला हवे. कराराच्या विरोधाची कारणे दोन प्रकारची होती. एक, दर आणि अटी वाईट. दुसरे, व्यवहारच भ्रष्ट. पहिल्या कारणावर सरकार बदलले की फेरविचार होऊ शकतो, घासाघीस होऊ शकते, आणि शेवटी एखादा मधला आकडा ठरला तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दुसऱ्या कारणावर घासाघीस होऊच शकत नाही. लाच देऊन मिळवलेला करार दर उतरवला म्हणून स्वच्छ होत नाही. शिवसेना-भाजप युतीने मते मागितली ती दुसऱ्या कारणावर. तडजोड केली ती पहिल्या कारणावर. माझ्या मते सगळा दुटप्पीपणा या सांध्यात आहे.

मार्च 1995 मध्ये शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. मनोहर जोशी मुख्यमंत्री, मुंडे उपमुख्यमंत्री, ऊर्जा खातेही मुंडे यांच्याकडेच. मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली मंत्रिमंडळाची उपसमिती बसली. तिने स्पर्धात्मक निविदा न मागवल्याबद्दल, गुप्ततेबद्दल, कंपनीला दिलेल्या सवलतींबद्दल आणि जास्त खर्चाबद्दल बोट ठेवले. हे आक्षेप योग्यच होते. त्यांतला एकही मी आज खोडू धजणार नाही. 3 ऑगस्ट 1995 रोजी जोशी यांनी विधानसभेत जाहीर केले की पहिला टप्पा रद्द, दुसराही मोडीत. असा करार स्वीकारणे हा जनतेचा विश्वासघात ठरेल, असा त्यांच्या निवेदनाचा सूर होता.

इथपर्यंत शब्द पाळला गेला होता, हे मान्य करायला हवे. नुसती बोलघेवडी मंडळी असती तर समिती नेमून वेळ काढला असता. त्यांनी खरोखर करार मोडला, कंपनी लंडनमध्ये लवादाकडे गेली, आणि सरकार उच्च न्यायालयात.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एन्रॉनच्या रिबेका मार्क मुंबईत बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. ठाकरे कोणत्याही घटनात्मक पदावर नव्हते. सरकारचा रिमोट कंट्रोल आपल्या हातात आहे असे ते स्वतःच सांगत, आणि कंपनीने ते शब्दशः घेतले म्हणायचे. त्यानंतर फेरवाटाघाटींसाठी गट नेमला गेला. उपसमितीला करारातले दोष शोधायला काही आठवडे लागले होते. नव्या गटाने त्याहून कमी वेळात नवा सौदा आखला, नोव्हेंबर संपायच्या आत. जानेवारी 1996 मध्ये मंत्रिमंडळाने तो मान्य केला. उच्च न्यायालयातला दावा मागे घेतला गेला.

नव्या सौद्याची जाहिरात अशी झाली: विजेचा दर युनिटला 2 रुपये 40 पैशांवरून 1 रुपया 86 पैशांवर आणला, भांडवली खर्च कमी केला, राज्याचे हजारो कोटी वाचवले. पुण्याच्या प्रयास संस्थेतल्या अभ्यासकांनी हे आकडे तपासले तेव्हा त्यांतली हवा निघाली. भांडवली खर्च ‘कमी’ झाला त्याचे एक कारण असे की द्रवरूप वायूचे पुन्हा वायूत रूपांतर करणारा भाग वीज प्रकल्पाच्या हिशेबातून काढून वेगळा दाखवला. त्याचा खर्च इंधनाच्या बिलातून ग्राहकाकडूनच वसूल व्हायचा होता. दुसरे कारण असे की यंत्रसामग्रीच्या किमती जगभर उतरल्या होत्या. तो फायदा आपोआप मिळायलाच हवा होता. दर डॉलरला बांधलेला तसाच राहिला. वीज न उचलली तरी पैसे द्यायची अट तशीच राहिली.

सगळ्यात मोठी गोष्ट जाहिरातीत नव्हतीच. जुन्या करारात दुसरा टप्पा वीज मंडळाच्या मर्जीवर होता. पहिल्याचा अनुभव वाईट आला तर नको म्हणता येत होते. नव्या करारात दोन्ही टप्पे एकत्र बांधले गेले आणि एकूण क्षमता 2184 मेगावॅटवर गेली. म्हणजे ज्यांनी 695 मेगावॅटचा करार विश्वासघात म्हणून मोडला, त्यांनी त्याच्या तिपटीहून जास्त विजेची सक्ती पत्करली. उपसमितीचा पहिला आक्षेप निविदा न मागवल्याचा होता. नव्या सौद्यातही निविदा नव्हती. दुसरा आक्षेप गुप्ततेचा. नवा करारही लोकांपुढे आला नाही.

सरकारची बाजूही मांडायला हवी, आणि ती पोकळ नाही. लवादात हरलो असतो तर राज्याला मोठी भरपाई द्यावी लागली असती. राज्यात विजेची टंचाई होती. परदेशी गुंतवणुकीचे दार नुकते उघडले होते आणि महाराष्ट्राने करार मोडल्याचा बोभाटा जगभर झाला होता. अशा वेळी एखादा मुख्यमंत्री म्हणू शकला असता: आम्ही विरोधात असताना करार वाचला नव्हता, आता वाचला; मोडण्यापेक्षा सुधारून घेणे स्वस्त पडेल असे आमचे मत झाले; लाचेचा आमच्याकडे पुरावा नाही, म्हणून तो आरोप मागे घेतो. हे म्हटले असते तर त्याला घूमजाव म्हणता आले असते, ढोंग नाही. माणूस मत बदलतो, पक्षही बदलतो; सत्तेत आल्यावर न बदलणारा पक्ष मला उलट जास्त धोकादायक वाटतो. पण मत बदलल्याचे ज्यांना आधीचे मत सांगून मते घेतली त्यांनाच सांगावे लागते. ते झाले नाही. जुना विरोधही खरा आणि नवा सौदाही विजय, असे दोन्ही एकाच दमात सांगितले गेले.

दिल्लीतही वेगळे घडले नाही. मे 1996 मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांचे तेरा दिवसांचे सरकार आले. लोकसभेत बहुमत सिद्ध झालेले नव्हते. राजीनाम्याच्या आदल्या दिवशी, 27 मे रोजी, मंत्रिमंडळाने सुधारित प्रकल्पाच्या प्रतिहमीला मान्यता दिली. स्वदेशीचा जप करणाऱ्या परिवाराच्या सरकारने घेतलेल्या मोजक्या निर्णयांपैकी हा एक. पाठोपाठ संयुक्त आघाडी आली. माकपचा तिला बाहेरून पाठिंबा होता आणि भाकपचे इंद्रजित गुप्ता गृहमंत्री होते. त्या सरकारनेही प्रतिहमीला हात लावला नाही. डाव्यांच्या कामगार संघटनेने कोर्टात शेवटपर्यंत लढा दिला, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र महाराष्ट्रात सही करायची पाळी डाव्यांवर कधी आली नाही, हेही खरे.

कोर्टकचेरीपासून लांब, सड्यावर काय झाले ते पाहू. 1996 च्या अखेरीस बांधकाम पुन्हा सुरू झाले आणि 1997 च्या पहिल्या सहामाहीत आंदोलन पेटले. वेलदूरच्या कोळी वस्तीला भीती होती ती गरम पाण्याने खाडीतली मासळी जाण्याची. वरच्या वाड्यांना पाण्याची आणि आंबा-काजूची. आंदोलक कोण होते? दोन वर्षांपूर्वीच्या प्रचारसभेत ज्यांना सांगितले गेले होते की हा प्रकल्प बुडवू, तेच. गुहागरची विधानसभेची जागा त्या काळात भाजपकडे होती. म्हणजे हे युतीच्या विरोधातले लोक नव्हते, युतीचे मतदार होते. त्यांनी दिलेल्या घोषणाही युतीनेच शिकवलेल्या.

त्यांना उत्तर मिळाले ते मनाई आदेशांचे, अटकांचे आणि लाठीचे. 3 जून 1997 च्या पहाटे पोलीस वेलदूरमध्ये घरांत शिरले आणि बायकांना मारहाण करत, ओढत गाड्यांत घातले. गावातले बहुतेक पुरुष तेव्हा समुद्रावर मासेमारीला गेलेले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने 1999 मध्ये या घटनांची सविस्तर नोंद केली. प्रकल्पाच्या बंदोबस्तासाठी असलेल्या राज्य राखीव दलाचा खर्च कंपनी सरकारला देत होती, हेही त्यात आहे. सरकार ज्या कंपनीवर फसवणुकीचा दावा लावून बसले होते, तिच्याच पैशांतून बंदोबस्ताचे बिल भागत होते. गृहखाते कोणाकडे होते? तेही मुंडे यांच्याकडेच.

मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात वाईट हिशेब इथला आहे, दरापेक्षाही. नेत्याला घूमजाव करता येते, कारण त्याच्या जवळ दुसरी सभा, दुसरा मुद्दा असतो. मुंबईच्या चाकरमान्यालाही विषय सोडून देता येतो. ज्याने नेत्याचा शब्द खरा मानून जमीन द्यायला नकार दिला, त्याला मात्र मागे फिरायला वाट नाही. तो काल पक्षाचा कार्यकर्ता होता आणि आज कायदा हातात घेणारा समाजकंटक.

पुढचे थोडक्यात. मे 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. 1 रुपया 86 पैशांची वीज कोणाला दिसली नाही. सरासरी दर चार रुपयांच्या पुढे गेला आणि 2000 मध्ये काही महिन्यांत सात रुपयांच्याही वर. रुपया घसरला, इंधन महागले, आणि कमी वीज उचलली तरी स्थिर आकार भरायचा असल्याने युनिटमागचा दर आणखी फुगला. करार पाळायचा म्हणून मंडळ आपली स्वतःची स्वस्त केंद्रे मंदावत होते. ऑक्टोबर 1999 पासून राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार, विलासराव देशमुख मुख्यमंत्री. म्हणजे ज्या काँग्रेसने करार केला, तिनेच आता तो परवडत नाही म्हणायचे. आणि ज्या भाजपने तो मोडून पुन्हा जोडला, त्या भाजपचे सरकार दिल्लीत प्रतिहमीच्या टोकाला बसलेले. फेब्रुवारी 2001 मध्ये कंपनीने ती प्रतिहमी वठवायला काढली. राज्य म्हणाले, केंद्राने वीज घ्यावी. केंद्र म्हणाले, करार तुमचा. दोघेही खरे बोलत होते, हीच गंमत.

प्रकल्पाच्या फेरतपासणीसाठी राज्याने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने एप्रिल 2001 मध्ये अहवाल दिला. राज्य आणि केंद्रात आलेल्या वेगवेगळ्या सरकारांच्या काळात, राजकीय आणि प्रशासकीय अशा सर्व पातळ्यांवर कारभाराचे अपयश, असा तिचा निष्कर्ष होता. एकाच पक्षाला जबाबदार न धरणारा निष्कर्ष सर्वांनाच सोयीचा पडतो. ज्याने त्याने त्यातले दुसऱ्याचे अपयश तेवढे वाचून दाखवले. मे 2001 मध्ये मंडळाने करार संपवला आणि प्रकल्प बंद पडला. त्या वेळी दुसरा टप्पा जवळजवळ बांधून झाला होता. 2 डिसेंबर 2001 रोजी एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. 2005 मध्ये एनटीपीसी, गेल आणि वित्तसंस्थांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने तो सांगाडा ताब्यात घेतला. पैसे अर्थात सरकारी.

कोकणात या नाटकाचे प्रयोग नंतरही झाले. राजापूर तालुक्यात नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी भूसंपादनाची अधिसूचना मे 2017 मध्ये निघाली ती उद्योग खात्याकडून, आणि ते खाते शिवसेनेच्या सुभाष देसाई यांच्याकडे होते. एप्रिल 2018 मध्ये नाणारच्या सभेत त्याच देसाईंनी ती रद्द केल्याचे जाहीर केले. तो अधिकार मंत्र्यांना नाही, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लगेच सांगितले. 2019 मध्ये युतीचे पुन्हा जुळले तेव्हा ती खरोखर रद्द झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फडणवीस राजापुरात येऊन फेरविचाराचे बोलले. जानेवारी 2022 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून प्रकल्पासाठी त्याच तालुक्यातल्या बारसूची जागा सुचवली. मे 2023 मध्ये, सत्ता गेल्यावर, तेच ठाकरे बारसूच्या आंदोलकांना भेटायला आले.

फरक एकच, पण महत्त्वाचा. ठाकरे बारसूला आले तेव्हा ते पत्र लोकांच्या मोबाइलमध्ये होते. त्यांना त्यावर बोलावे लागले: हो, पत्र दिले होते, पण लोकांवर लाठ्या चालवा असे त्यात म्हटले नव्हते, असा त्यांचा खुलासा. तो पटणे न पटणे ज्याचे त्याचे. पण खुलासा द्यावा लागला, आणि तो ज्यांना द्यायचा त्यांच्यासमोरच. 1996 मध्ये वेलदूरच्या बाईकडे असा कुठलाच कागद नव्हता. तिच्याकडे फक्त सभेत ऐकलेले वाक्य होते.

सीटूचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1997 मध्ये न्यायालयाने ते दाखल करून घेतले, पण कंपनी आणि केंद्राला वगळून, केवळ राज्य सरकारच्या वर्तनापुरते. म्हणजे प्रश्न नेमका हाच उरला होता: 1995 मध्ये जे शपथेवर सांगितले ते खरे, की 1996 मध्ये सांगितले ते? 2001 मध्ये राज्याने न्यायमूर्ती कुर्डूकर यांचा चौकशी आयोग नेमला. तो शेवटाला गेला नाही. सर्वोच्च न्यायालयातले प्रकरण बावीस वर्षे पडून राहिले. 2019 मध्ये, इतका काळ लोटल्यावर आता यात पडण्यात अर्थ नाही म्हणून न्यायालयाने ते बंद केले. सप्टेंबर 1995 च्या दाव्यातला फसवणुकीचा आरोप अशा रीतीने कोणी सिद्ध केला नाही, कोणी खोडला नाही. तोवर जोशी आणि पवार सोडले तर त्या कागदांशी संबंध असलेले बहुतेक मोठे नेते हयात नव्हते.